सपाट तवाच घ्या

पॅनिनी प्रेसवर क्यूबन सँडविच (पोर्क, हॅम, चीज भरून दाबून भाजलेलं) केलं तर पाव करपला आणि आतलं चीज घट्टच राहिलं, असं तुम्ही लिहिलंय. आच मोठी झाली, दुसरं काही नाही. आणि ती रेघांची प्रेस नकोच. क्यूबन लोकांची 'प्लांचा', म्हणजे सँडविच दाबून भाजायची प्रेस, सपाट असते. मी बिडाचा तवा मंद आचेवर ठेवते, पावाला बाहेरून लोणी लावते आणि वर फॉइलमध्ये गुंडाळलेली वीट ठेवते. चार-पाच मिनिटांत पाव दबून निम्मा होतो. कडेने चीजचा थेंब तव्यावर पडून चुरचुरला की उलटायचं.

खरी मेहनत पोर्कची. खांद्याचा तुकडा आदल्या रात्री 'मोहो'त मुरवा: भरपूर लसूण, जिरं, ओरेगानो, मीठ, ऑलिव्ह तेल आणि आंबट संत्र्याचा रस. ते संत्रं मिळत नसेल तर दोन भाग साध्या संत्र्याचा रस, एक भाग लिंबाचा. जिरं मी खलबत्त्यात जाडसर कुटते, वासच वेगळा येतो. मग मंद ओव्हनमध्ये सुटं होईपर्यंत भाजायचं. पुढे हॅम, स्विस चीज, पिवळं मस्टर्ड आणि काकडीचं पिकल. पिकल आधी टिपून घ्या, नाहीतर पाव ओला होतो.

यात सलामी (खारवून सुकवलेलं सॉसेज) घालायची का म्हणाल, तर ती पद्धत फ्लोरिडातल्या टँपा शहराची. तिथल्या ईबोर सिटीत सिगार वळणाऱ्या क्यूबन कामगारांच्या शेजारी इटालियन लोकही राहायचे, त्यांच्याकडून ती आली म्हणतात. मायामीत घालत नाहीत. मला सलामीशिवायच आवडतं, पोर्कची चव झाकली जात नाही.