मदत हवी आहे: विंडोज १२ साठी थांबू की आत्ताच नवीन मशीन घेऊ? अर्जंट

बर्डीचा_ऑपरेटर
नमस्कार मंडळी. सीताबर्डीवर माझं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट संपला असा मेसेज सारखा येऊन राहिला. नवीन मशीन पाहायला गेलो तर विकणारा म्हणतो, विंडोज १२ येऊन राहिलं, त्याला एनपीयू म्हणजे एआयची वेगळी चिप लागते, आता साधं घ्याल तर ते वर्षभरात भंगारात जाईल, एआयवालंच घ्या. भाव साध्याच्या जवळपास दुप्पट. इकडे भाचा म्हणतो, मामा काहीच घेऊ नका, १२ चा प्रिव्ह्यू आला आहे, व्हिडिओच्या खाली लिंक आहे, आपल्याच मशीनवर टाकू. लग्नसराई तोंडावर आहे, पत्रिकांची कामं सुरू झाली. मला एवढंच सांगा, थांबू की घेऊ? आज संध्याकाळपर्यंत त्या माणसाला उत्तर द्यायचं आहे.

धरमपेठकर
भाच्याला आधी थांबवा. मायक्रोसॉफ्टने विंडोज १२ नावाची कोणतीही गोष्ट अजून जाहीर केलेली नाही, त्यामुळे तिचा प्रिव्ह्यू असण्याचा प्रश्नच येत नाही. त्या लिंकवर जे आहे ते एक तर रंगरंगोटी केलेलं विंडोज ११ असेल, नाहीतर आत काहीतरी पेरलेलं असेल. ग्राहकांच्या आधार कार्डांच्या झेरॉक्स ज्या मशीनवरून निघतात त्यावर हे नको.

आता तुमचं मशीन सांगा. प्रोसेसर कोणता, रॅम किती, काम कोणत्या सॉफ्टवेअरवर?

बर्डीचा_ऑपरेटर
प्रोसेसर इंटेलचा आहे. सॉफ्टवेअर नेहमीचंच, डीटीपीला लागते तेच. थांबू की घेऊ ते सांगा ना भाऊ.

इतवारी_हार्डवेअर
राजेहो, इंटेल म्हटल्याने काय समजते? सेटिंग्जमध्ये सिस्टम, तिथे खाली अबाउट. प्रोसेसरच्या पुढे जे लिहिलं आहे ते पूर्ण इथे टाका. आठव्या जनरेशनपासून पुढचं असेल तर विंडोज ११ फुकटात चढते आणि तुमाले काहीच घ्यायची गरज नाही. टीपीएम, म्हणजे सुरक्षेची चिप, नाही असा मेसेज आला तरी घाबरू नका. पुष्कळ बोर्डांत तो असतो, फक्त बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये, बंद असतो. इंटेलमध्ये पीटीटी नावाने शोधा, एएमडीत एफटीपीएम. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी मशीन एवढं चालू केल्यावर पास होतात.

मुक्तप्रणाली
तीन वर्षांनी हाच धागा पुन्हा निघणार. कंपनी ठरवणार, तुमचं चालतं मशीन कधी जुनं झालं ते, आणि तुम्ही पैसे भरणार. विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट प्रणाली टाका. चार जीबी रॅमवरही सुरेख चालतं, अपडेट वर्षानुवर्षं मिळतात, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड सोबतच येतो. पत्रिकांना इंकस्केप, पुस्तकांना स्क्रायबस. मी घरातली सगळी मशीन त्यावर नेली आहेत.

जुनी_अक्षरे
मुक्तप्रणाली, तुमच्या भावनेचा आदर आहे, पण तुम्ही डीटीपीच्या खुर्चीत बसलेले दिसत नाही. नागपुरातला कुठलाही प्रेसवाला फाइल मागतो ती कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरची. इंकस्केप ती उघडतो, पण मराठी मजकुराची मोडतोड होते. आणि श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरचे जुने फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखे दिसणाऱ्या पद्धतीचे, नाहीत. त्यात मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर ‘शुभविवाह’ उघडा, समोर नुसती चिन्हं येतील. दुकानात तर मागच्या दहा-पंधरा वर्षांच्या पत्रिका पडलेल्या असतात. मोठ्या मुलीच्या वेळची पत्रिका काढा, नावं बदला, धाकटीची छापा, असंच गिऱ्हाईक येतं.

मुक्तप्रणाली
म्हणून तर युनिकोडकडे या म्हणतो आहे. शासन, वर्तमानपत्रांच्या वेबसाइट, सगळे आले. जुन्या फॉन्टचा मजकूर बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. एकदाच त्रास होतो.

जुनी_अक्षरे
कन्व्हर्टरमधून रफार आणि जोडाक्षरं धड बाहेर येत नाहीत, पुन्हा प्रूफ वाचावं लागतं. ‘चि. सौ. कां.’ मध्ये एक टिंब हललं तरी मुलीचा बाप दुकानात उभा राहतो. युनिकोडच्या विरोधात मी नाही, नवीन काम सगळं त्यातच करतो. पण लग्नसराईत कुणी अख्खं दुकान बदलत नाही.

बर्डीचा_ऑपरेटर
लिनक्स वगैरे नको. जुनी_अक्षरे बरोबर सांगून राहिले, कोरल आणि श्रीलिपीच आहे. पेजमेकरही आहे, दिवाळी अंक करणारे अजून त्यातच मॅटर देतात. प्रोसेसर आय५-७४००, रॅम आठ जीबी. आता सांगा.

इतवारी_हार्डवेअर
आय५-७४०० म्हणजे सातवी जनरेशन. विंडोज ११ च्या यादीत नाही. आडवाटेने चढवता येते, पण पुढचं अपडेट येईलच याची हमी कंपनी घेत नाही, त्यामुळे धंद्याच्या मशीनवर मी करून देत नाही.

श्रीलिपी डोंगलवाली, म्हणजे मशीनला परवान्याचा तुकडा खोचल्यावरच चालणारी, आहे काय? आणि त्याच अबाउटमध्ये सिस्टम टाइप काय लिहिलं आहे, ३२ बिट की ६४?

मानेवाडा_रिंगरोड
माझाही एक सल्ला. नागपूरच्या उन्हाळ्यात मशीन खराब होण्याचं मोठं कारण कूलर आहे, विंडोज नाही. दुकानात कूलरची ओली हवा थेट कॅबिनेटवर येते, आत धूळ असतेच, दोन्हींचा थर बसतो आणि रॅमचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. कॅबिनेट कूलरच्या झोतातून बाजूला घ्या, मार्चमध्ये एकदा ब्लोअरने साफ करा, प्रोसेसरची पेस्ट बदला. माझं दुसऱ्या जनरेशनचं मशीन अजून चालते.

धरमपेठकर
सल्ला चांगला आहे, पण आत्ता नोव्हेंबर आहे आणि प्रश्न वेगळा आहे.

ऑपरेटरभाऊ, विक्रेत्याच्या बोलण्यात खरं किती आणि अंदाज किती, ते वेगळं करून सांगतो. एनपीयूची गोष्ट हवेतून आलेली नाही. मे २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने कोपायलट प्लस पीसी हा प्रकार आणला. त्यासाठी ४० टॉप्सचा (हे वेगाचं माप) एनपीयू, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी स्टोरेज लागतं. पण ती अट त्या प्रकारच्या मशीनची आणि त्यावरच्या काही खास एआय सोयींची आहे. विंडोज ११ चालवायला एनपीयू लागत नाही. १२ ला लागेल हा लोकांनी काढलेला तर्क आहे.

आणि १२ च्या अफवा काही नव्या नाहीत. २०२२ पासून दर तीन वर्षांनी मोठं विंडोज येणार अशा बातम्या फिरत होत्या. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या इग्नाइट कार्यक्रमात पडद्यावर तरंगता टास्कबार दिसला आणि हेच १२ म्हणून चर्चा झाली. मग हडसन व्हॅली हे सांकेतिक नाव बाहेर आलं, त्यालाही लोकांनी १२ ठरवलं. प्रत्यक्षात १ ऑक्टोबर २०२४ ला आलं ते विंडोज ११ चंच २४एच२ हे अपडेट. त्यानंतरचं २५एच२ हेही ११ च. त्या वेळी ‘१२ येतंय’ म्हणून जे थांबले त्यांनी जुन्या मशीनवर काम रेटलं, हाती काही आलं नाही.

सक्करदरा_७७
धरमपेठकरांशी मी पूर्ण सहमत नाही. प्रत्येक अफवा खोटी नसते. जून २०२१ मध्ये विंडोज ११ ची फाइल फुटली, तेव्हाही सगळे बनावट म्हणत होते. २४ जूनला घोषणा झाली आणि ५ ऑक्टोबरला ते आलं. मी तेव्हापासून इन्सायडर, म्हणजे येणाऱ्या आवृत्त्या आधी वापरून पाहायच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्रॅममध्ये आहे, घरच्या जादा मशीनवर त्यातलं देव्ह चॅनेल चालवतो. पुढे काय येणार ते सहा-सहा महिने आधी दिसतं. भाच्याला हौस असेल तर लिंक सोडा, अधिकृत इन्सायडरमध्ये घाला. फुकट आहे, शिकायलाही मिळतं.

धरमपेठकर
तुमच्याच उदाहरणात माझं म्हणणं आहे. त्या फुटलेल्या फाइलमध्ये मधोमध आलेला स्टार्ट मेनू आणि गोल कडा सगळ्यांनी पाहिल्या. आठव्या जनरेशनची प्रोसेसर यादी मात्र घोषणेनंतर समोर आली, आणि पैसे खर्च करायचे की नाही हे तिच्यावर ठरणार होतं. प्रिव्ह्यूतून चेहरा कळतो, मशीनची अट शेवटपर्यंत कळेलच असं नाही.

शिवाय प्रिव्ह्यूत दिसलेलं सगळं येतही नाही. विंडोज १० च्या इन्सायडर आवृत्त्यांत २०१८ च्या सुमारास सेट्स नावाने प्रत्येक खिडकीला टॅब दिले होते. लोकांना आवडले होते, तरी काढून टाकले. लाँगहॉर्न या सांकेतिक नावाच्या विंडोजचं तर विचारूच नका. २००३ मध्ये जे गाजावाजा करून दाखवलं त्यातली नवी फाइल-व्यवस्था गळाली आणि सामान्य ग्राहकाला ते व्हिस्टा या नावाने मिळालं जानेवारी २००७ मध्ये.

सक्करदरा_७७
सेट्स मीही वापरलं आहे. फार उत्तम होतं, आजही त्याची उणीव भासते. आता निदान नोटपॅडला आणि फाइल एक्सप्लोररला टॅब आले.

इतवारी_हार्डवेअर
सेट्सचं नंतर बोला. हा माणूस दुकान चालवून राहिला. इन्सायडर दुकानाच्या मशीनवर अजिबात नको. त्या आवृत्त्यांना मुदत असते, ती संपायच्या आत नवीन घ्यावी लागते. देव्ह किंवा कॅनरी चॅनेलमधून साध्या विंडोजवर परत यायचं तर बहुतेक वेळा सगळं पुसून नव्याने टाकावं लागते. टाकल्यापासून दहा दिवसांच्या आत मागे जाता येते, पुढे नाही. म्हणजे ऐन मुहूर्ताच्या दिवसांत श्रीलिपी, कोरल, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर, सगळं पहिल्यापासून.

भाऊ, डोंगल आणि बिटचं उत्तर अजून आलं नाही.

बर्डीचा_ऑपरेटर
गिऱ्हाईक होते, उशीर झाला. हौ, डोंगल आहे, यूएसबीचं, जुनं. सिस्टम टाइपमध्ये ३२ बिट ऑपरेटिंग सिस्टम, एक्स६४ बेस्ड प्रोसेसर लिहिलं आहे. पेजमेकरसाठी तेव्हा असंच टाकून घेतलं होतं. याने काय फरक पडते?

इतवारी_हार्डवेअर
फार फरक पडते. हेच पहिल्या ओळीत पायजे होतं! विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येते. ३२ बिटवरून ६४ वर अपग्रेड होत नाही, डिस्क साफ करून नव्यानेच टाकावं लागते. म्हणजे जुनं मशीन असो की नवीन, तुमाले सगळं सॉफ्टवेअर नव्याने टाकायचंच आहे. कोरल किंवा पेजमेकरसारखे ३२ बिटचे प्रोग्रॅम ६४ वर चालतात, पण १६ बिटचं काही जुनं असेल तर ते सुरूच होणार नाही. एखादी जुनी फॉन्ट युटिलिटी असू शकते, तपासून घ्या. आणि डोंगलचा जुना ३२ बिट ड्रायव्हर तिथे उपयोगाचा नाही.

जुनी_अक्षरे
डोंगलचं मी भोगलं आहे. ६४ बिटचा ड्रायव्हर मिळाला तरी विंडोज ११ मध्ये मेमरी इंटिग्रिटी नावाची सोय असते, नवीन मशीनवर बहुधा चालूच येते, आणि ती जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद केली की डोंगल चालेल, पण सुरक्षेचं एक कवच गेलं. म्हणून मशीन घ्यायच्या आधी श्रीलिपीवाल्यांना फोन करा. तुमचा आवृत्ती क्रमांक सांगून ६४ बिट विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का, नसेल तर अपग्रेडला किती पडतील, हे विचारा. एनपीयूपेक्षा तुमचा खर्च यावर ठरणार आहे.

मुक्तप्रणाली
आपण विकत घेतलेलं सॉफ्टवेअर चालवायला परवानगीचा तुकडा मशीनला खोचून ठेवायचा, आणि तो चालत नाही म्हणून सुरक्षा बंद करायची. हे मला खरोखर पटत नाही.

जुनी_अक्षरे
मलाही पटत नाही. पण पत्रिका छापायची आहे.

धरमपेठकर
मग घाई करण्यासारखं काहीच नाही. मायक्रोसॉफ्टची ईएसयू, म्हणजे सपोर्ट संपल्यावरही सुरक्षा अपडेट देणारी योजना आहे. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. आवृत्ती २२एच२ हवी आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट हवं. सेटिंग्जचा बॅकअप त्या अकाउंटला जोडला तर फुकट, नाहीतर ३० डॉलर, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्ड्सचे १००० पॉइंट. अपडेट अँड सिक्युरिटीमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल नाऊ दिसेल. मशीन डोमेनला, म्हणजे कंपनीच्या नेटवर्कला, जोडलेलं असेल तर ही ग्राहकांची योजना लागू होत नाही, तुमच्या दुकानात तसं नसावं. नवीन सोयी यात मिळत नाहीत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या.

लग्नसराई यावर काढा. उन्हाळ्यात धंदा थंडावला की साधं विंडोज ११ चं मशीन घ्या, अलीकडच्या जनरेशनचं, १६ जीबी रॅम, एसएसडी. एनपीयूसाठी दुप्पट देऊ नका. कोरल आणि पेजमेकरला त्याचा उपयोग नाही.

सक्करदरा_७७
इन्सायडरच्या कॅनरी चॅनेलमध्ये २६एच१ ही आवृत्ती दिसली आहे, त्याचं कुणी बोलत नाही. काहीतरी मोठं शिजतंय.

धरमपेठकर
ते ठरावीक नवीन चिपसाठी आहे असं मायक्रोसॉफ्टनेच सांगितलं. ऑपरेटरभाऊंच्या आय५ शी त्याचा संबंध नाही.

मानेवाडा_रिंगरोड
उन्हाळ्यात मशीन घेणार असाल तर कूलरचं मी सांगितलेलं विसरू नका.

बर्डीचा_ऑपरेटर
२२एच२ च आहे, पाहिलं. एनरोल नाऊ पण दिसलं. अकाउंट भाच्याकडून बनवून घेतलं, पैसे मागितले नाहीत, १३ ऑक्टोबरची तारीख दाखवून राहिलं. विकणाऱ्याला आत्ता नाही म्हणून कळवलं. लिंकवाली फाइल भाच्याने डाउनलोड केली होती, ती काढून टाकायला लावली. उद्या श्रीलिपीला फोन लावतो. जुनी_अक्षरे, तुमच्याकडे कोणती आवृत्ती होती आणि अपग्रेडला किती घेतले ते सांगाल काय? म्हणजे फोनवर भाव करता येईल.

इतवारी_हार्डवेअर
फोन करायच्या आधी आज रात्रीच जुन्या पत्रिकांच्या सगळ्या फाइल आणि फॉन्टचं फोल्डर एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. फॉन्ट विसरू नका, नुसत्या फाइली घेऊन उपयोग नाही.