मदत हवी आहे: बोटीचं जुनं टू-स्ट्रोक इंजिन ड्रममध्ये झकास, पाण्यात गिअर टाकला की बंद

नमस्कार मंडळी. गाव पैठणच्या वरच्या अंगाला, नाथसागराच्या काठावर. मामांची अठरा फुटी फायबरची होडी आहे, जाळ्यांवरनं मासळी गोळा करून काठावर आणायला. तिला चार वर्षांपूर्वी कोकणातून आणलेलं सेकंडहँड आउटबोर्ड (होडीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन) लावलंय. दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, २५ हॉर्सपॉवर, कार्बोरेटर एकच. मॉडेलची प्लेट खाऱ्या पाण्यानं खाल्लेली, त्यामुळं मॅन्युअल कुठलं शोधावं तेही कळेना.

मागच्या उन्हाळ्यात पाणी इतकं मागं सरलं की होडी चिखलात आणि इंजिन पाच महिने गोठ्यात. टाकीत, कार्बोरेटरमध्ये पेट्रोल तसंच राहिलं. चूक आमची, कबूल.

आता होतंय असं. चोक ओढला की तिसऱ्या-चौथ्या दोरीला सुरू होतं. दोनशे लिटरच्या ड्रममध्ये बुडवून ठेवलं तर तासभर गुरगुरत राहील. होडीला लावून पाण्यात गिअर टाकला की दोन गचके आणि गप्प. रेस वाढवून गिअर टाकावा तर आतून खाडकन आवाज येतो, मामांचा जीव वरखाली होतो. स्लोवरनं एकदम रेस दिली की कार्बोरेटरच्या तोंडातून 'फट्' करून शिंकतं. मात्र एकदा पळायला लागलं की फुल रेसला तक्रार नाही. आणि हे महत्त्वाचं वाटतं म्हणून सांगतो: चोक अर्धा ओढून ठेवला तर गिअरमध्येही बंद पडत नाही.

तालुक्याला एक मिस्त्री आहे, जुन्या टू-स्ट्रोक मोटारसायकलींत हात बसलेला. तो म्हणाला पेट्रोल कमी पडतंय, आणि मिक्स्चरचा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा) स्क्रू अर्धा आटा आत घेतला. आणखी बिघडलं. मग अजून आत. शेवटी पार आवळून टाकला, तेव्हा ते सुरू व्हायचंच थांबलं. मी तो स्क्रू काढून उन्हात धरला तर सुईच्या टोकाला गोल रेघ पडलीय, नखाला लागते.

विचारायचं हे: स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की पेट्रोल वाढतं? किती आट्यांवरनं सुरुवात करावी? आणि सेटिंग ड्रममध्ये करायचं की पाण्यात?

प्रतिसाद

तुमच्या मिस्त्रीचं निदान बरोबर होतं, दिशा चुकली. त्याच्या हाताखालनं गेलेल्या बहुतेक गाड्यांत तो एअर स्क्रू असतो, कार्बोरेटरच्या तोंडाकडच्या अंगाला. तो हवा कमी-जास्त करतो, म्हणून आत घेतला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. तुमचा स्क्रू बटरफ्लायच्या (रेस दिली की उघडते त्या चकतीच्या) पलीकडं, इंजिनच्या बाजूला आहे का बघा. तसा असेल तर तो हवा नाही, पेट्रोलमिश्रणच अडवतो. मग आत घेतला की कमी, बाहेर सोडला की जास्त. त्यानं आवळून पुरवठाच बंद केला, म्हणून सुरू होईना.

शिंक आणि अर्ध्या चोकवर चालणं, दोन्ही खुणा मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी, असल्याच्या; चोक हवा अडवतो म्हणून चालतं. जास्त झालं असतं तर धूर, घोगरा आवाज आणि काळे ओले प्लग दिसले असते. टू-स्ट्रोकला पातळ चालवू नका. ऑइल पेट्रोलातूनच जातं, पेट्रोल कमी म्हणजे पिस्टनला तेलही कमी.

रेघ पडलेली सुई बदला. तिच्यावर कितीही घासाघीस केली तरी सेटिंग टिकत नाही.

प्रतिसाद

स्क्रूच्या मागं लागण्याआधी पाच महिन्यांचं पेट्रोल आठवा. स्लोचा जेट, म्हणजे पेट्रोल जायचं भोक, केसाएवढा असतो, तो आधी बुजतो. मेन जेट मोठा, म्हणून फुल रेसला पळतंय. कार्बोरेटर खोला, क्लीनर मारा, आणि पंक्चरवाल्याकडं नेऊन कॉम्प्रेसरची हवा प्रत्येक भोकातून आरपार घ्या. जेटमध्ये टाचणी घालू नका, पितळ आहे. फारच अडलं तर वायरीतला तांब्याचा एक धागा.

आणि हल्ली पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलला तेवढ्याच हवेत जळायला प्रमाण जास्त लागतं, म्हणजे जुन्या सेटिंगवर इंजिन आपोआप थोडं पातळ चालतं. आपल्याच भागातला ऊस कारखान्यातून फिरून टाकीत येतो आणि आपल्यालाच शिंकायला लावतो म्हणा! शिवाय ते पाणी ओढतं. गोठ्यातलं उरलेलं पेट्रोल इंजिनात घालू नका.

प्रतिसाद

ड्रममध्ये सेटिंग करून काही उपयोग नाही. न्यूट्रलला पंख्यावर ओझं नसतं, आणि ड्रमातला धूर परत इंजिनच ओढतं. पाण्यातच करा, असं:

काठाला दोन भक्कम खुंट्या, होडी दोन्हीकडून बांधा. पंख्याच्या आसपास कुणी पाण्यात उतरायचं नाही, पोरं तर काठावरही नकोत. एकानं हँडलपाशी बसून स्टॉपची दोरी मनगटाला बांधावी, दुसऱ्यानं स्क्रू फिरवावा. इंजिन दहा मिनिटं तापू द्या. त्याआधी, इंजिन बंद असताना, स्क्रू बोटांनी अलगद टेकेपर्यंत आत, तिथून दीड आटा बाहेर. मॉडेलप्रमाणं आकडा बदलतो, पण दीडवर सुरू तरी होईल.

मग पुढचा गिअर टाकून, स्लोवर, स्क्रू आत घेत चला. एका वेळी आट्याचा आठवा हिस्सा, आणि दहा-पंधरा सेकंद थांबायचं. टू-स्ट्रोक लगेच सांगत नाही, घाई केली की फसता. गचके द्यायला लागलं की ती जागा मार्करनं खुणवा. आता बाहेर सोडत चला, आवाज घोगरा होऊन मिस मारायला लागेल ती दुसरी खूण. दोन्हींच्या मधोमध या आणि तिथून किंचित बाहेर ठेवा. एकदम रेस देऊन बघा, शिंकलं तर अजून थोडं बाहेर. स्लोचा वेग कमी-जास्त करायचा स्क्रू वेगळा असतो, त्याला सगळ्यात शेवटी हात लावा.

धागाकर्ता

सगळ्यांचे आभार. स्क्रू इंजिनच्याच बाजूला निघाला. मिस्त्रीला दाखवलं, तो हसला आणि म्हणाला, "आमच्याकडं उलटं असतंय." चहा त्यानंच पाजला.

एक शंका. इंजिन समुद्रकाठचं, आणि नाथसागर भरला की पाणी १५२२ फुटांवर. त्याचा काही फरक?

प्रतिसाद

थोडा, आणि तोही उलट्या बाजूचा. उंचीवर हवा विरळ, म्हणजे मिश्रण जरा जाडच होतं. इथेनॉल त्याला पातळ करतं. तुम्ही कागदावर हिशेब मांडू नका, कान लावा. ऑइल कुठलं घालता ते मात्र सांगा.

धागाकर्ता

मामा मोटारसायकलचं टू-टी घालत होते, लिटरला २० मिली. आता पाण्यावर थंड होणाऱ्या आउटबोर्डचं, टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं मागवलंय. प्रमाण तेच ठेवलंय.

रविवारचं सांगतो. कार्बोरेटर खोलला तर वाटीच्या तळाला गुळाच्या पाकासारखा थर. स्लोच्या जेटमधून उजेडच दिसत नव्हता. हवा मारल्यावर टाचणीच्या टोकाएवढा ठिपका दिसला. सुई कोकणातून कुरिअरनं आली. गचके पाऊण आट्याला, घोगरेपणा अडीचला. पावणेदोनवर ठेवलंय. सकाळी वारा सुटायच्या आत दोन तास चालवलं, गिअर टाकला तरी हूं नाही की चूं नाही. शिंक गेली. मामा जाळ्याजवळ जाऊन मुद्दाम स्लोवर थांबले, पाच कटले आणि एक मरळ काढेपर्यंत इंजिन चालूच होतं.

पण घरी येऊन प्लग काढले, तर वरचा दुधाच्या चहासारखा आणि खालचा काळा, ओला. कार्बोरेटर एकच, मग दोघांत फरक कसा?

प्रतिसाद

मग तो स्क्रूचा विषय नाही, त्याला आता हात लावू नका. आधी दोन्ही प्लगांची अदलाबदल करून पुन्हा चालवा. काळेपणा प्लगाबरोबर वर गेला तर प्लग खराब. खालीच राहिला तर कॉइलची अदलाबदल, आणि मग कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) तपासा.

धागाकर्ता

अदलाबदल केली. उद्या पहाटे मामा जाळी ओढायला जातायत, परत आले की प्लगांचा फोटो टाकतो.