भरती-ओहोटी बघून तारखा ठरवा

सुट्टीत समुद्रावर जाताना लहान मुलं आणि वयस्कर माणसं बरोबर असतील तर किनाऱ्याला लागूनच घर भाड्याने घ्यावं, असं सुचवलं जातं, आणि ते मला अगदी पटतं. पण हे सुचवताना भरतीचा विचार कुणी मांडलेला मला दिसला नाही. आम्ही असंच घर घेतलं होतं. जाहिरातीतल्या फोटोत समोर प्रशस्त वाळू होती. पोचलो ते पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी. भरतीला पाणी थेट पायऱ्यांशी, वाळूचा पत्ताच नाही! मुलं बादल्या-फावडी घेऊन पायरीवर बसून राहिली, फार वाईट वाटलं. फोटो अर्थातच ओहोटीचा होता.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यांत वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती बेताची. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे सोमवारी सकाळी १० ला भरती असेल तर शुक्रवारी ती दुपारी सव्वाच्या सुमारास. त्या जागेचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक आधी बघा, आणि आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी मालकाकडून उधाणाच्या भरतीच्या वेळचा फोटो आवर्जून मागून घ्या.