चांगूतलं गटार आपण का उपसायचं?

पाणथळ:
चांगूत (बाली, सर्फिंगवाल्यांचं गाव) राहून मला अडीच वर्षं झाली, लॅपटॉपवर पोट भरतो. इकडचा पावसाळा साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च. दर वर्षी तेच, तासभर कोसळला की बातु बोलोंग बीचकडे जाणाऱ्या गल्लीचा ओढा होतो, स्कूटरच्या सायलेन्सरमधे पाणी, आणि दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मेसेज की रविवारी सात वाजता हातमोजे घेऊन या, सफाई आहे. चार रविवार गेलो. आता जाणार नाहीये, का ते सांगतो, मग खुशाल शिव्या घाला.

गेल्या वेळी कोपऱ्यावरचं झाकण पहारीनं उचकटलं. प्लास्टिक होतं, ते हातानं निघालं. पानांच्या पूजेच्या परड्या होत्या, त्या कुजून गेलेल्या, बोटं लावली की विरघळत होत्या. त्याच्या खाली सिमेंट. बांधकामावरचा मिक्सर धुऊन ओतलेलं, तळाला वीतभर दगड होऊन बसलेलं. छिन्नी-हातोडा घेऊन दोन तासांत हातभर निघालं असेल नसेल. आणि गंमत म्हणजे ते गटार नाहीच, तो भाताचा पाट आहे, सुबाकचा. सुबाक म्हणजे इथल्या शेतकऱ्यांची पाणी वाटून घ्यायची जुनी पद्धत, शेकडो वर्षं चाललेली. वरून पाणी अजून येतं, खालचं भात गेलं आणि तिथे व्हिले झाले, पाण्यानं जावं कुठे? ज्यांनी पाटावर भिंत घातली तेच रविवारच्या फोटोत आमच्या शेजारी टोपी घालून उभे. मला नाही जमत हे नाटक.

वाशिष्ठीकाठी:
दादा चार रविवारात दमलात? २२ जुलै २०२१ ला आमच्या चिपळुणात तळमजला अख्खा पाण्यात होता. तिसऱ्या दिवशी फावडी घेऊन पोरं आली, कुठली होती आजतागायत माहीत नाही, घरातला चिखल बाहेर ओढला, आजीच्या ट्रंकेतल्या साड्या बादल्या भरभरून धुवून दिल्या. नदीत गाळ कुणी साचू दिला हे विचारत बसली असती तर चिखल वाळून खडक झाला असता. आधी उपसा, मग भांडा.

लीजवाला पुणेकर:
झालं, आले व्हिलेवाल्यांवर. माझा लीजवर व्हिला आहे, चांगूशेजारी पेरेरेननला, वर्षातून दोन महिने मी राहतो, बाकी भाड्यानं. परवानगी आहे, टॅक्स भरतो, माळी-स्वयंपाकी-केअरटेकर मिळून पाच लोकांची घरं चालतात. ९-१० सप्टेंबर २०२५ ला डेनपासारला (बालीची राजधानी) पूर आला तिथे काय सर्फर राहतात? कुंबासारी बाजार जुना, नदीकाठचा, तिथल्या दुकानात पाणी घुसलं ते काय माझ्या स्विमिंग पूलमुळे? पाऊसच तसा पडला.

पाणथळ:
पडला ना, सप्टेंबरात, पावसाळा लागायच्या आधी. १५ हून जास्त माणसं गेली बेटावर. त्यानंतर गव्हर्नर वायान कोस्तरच म्हणाले की शेतजमिनीवर हॉटेलं-रेस्टॉरंटांना नवीन परवानग्या बंद. माझं ऐकू नका, त्यांचं ऐका.

लाट बघून:
अवांतर पण गरजेचं: मोठा पाऊस झाला की दोन दिवस नदीच्या तोंडाशी पाण्यात उतरू नका, सगळा मैला तिथेच येतो, कानाचं इन्फेक्शन मी भोगलंय. आणि ह्या सीझनला पश्चिमेचा वारा असतो, कुता-लेगियनच्या किनाऱ्यावर कचऱ्याचे ढीग लागतात.
आता मुद्द्याचं. आपला रविवार आणि इथल्या गावकऱ्यांचं काम यात फरक आहे हो. बंजार म्हणजे वाडीची सभा, लाकडी घंटा वाजली की घरटी एक माणूस निघतो, बऱ्याच ठिकाणी नाही गेलं तर दंड. कुणी फोटो काढत नाही. आपण त्यांच्या हाताखाली जायचं सोडून आपलाच वेगळा कार्यक्रम करतो, कॉफीच्या कूपनासकट.

तीन रात्री चार दिवस:
आम्ही येताना प्रत्येकी दीड लाख रुपियाचा टुरिस्ट टॅक्स भरला. कशासाठी घेतात मग? सुट्टी माझी, गटार मी उपसू?

वाशिष्ठीकाठी:
तुम्ही नका उपसू, निदान चिप्सची पाकिटं तरी बॅगेत ठेवा 🙏

मानशीचा:
मी गोव्याचा. आमच्याकडे खाजन शेती, खारं पाणी अडवायला बांध आणि मानस, म्हणजे भरती-ओहोटीचं दार. जोवर भात होतं तोवर बांध कुणी कुणाला सांगून बांधला नाही, बांध फुटला तर आपलंच शेत खारं होणार. भात संपलं, दार कुजलं. पाणथळ म्हणतायत त्यात एवढंच घाला, पाट साफ ठेवणारा माणूसच उरला नाही कारण त्याचं पोट आता पाटावर नाही, खोलीच्या भाड्यावर आहे. पण म्हणून जमीन विकणाऱ्याला बोल लावायला मला तोंड नाही, माझ्या काकांनीच दिली.

पाणथळ:
मानशीचा, हे मात्र खरं. आमचा घरमालक पूर्वीचा शेतकरीच. भिंतीबद्दल विचारलं तर हसला आणि चहा दिला. म्हाताऱ्या पेकासेहला (सुबाकचा पाटकरी समजा) पाट कुठून कसा जायचा ते तोंडपाठ आहे, त्याला घेऊन गल्लीत फिरलो तर तीन कंपाऊंडखालून जातो म्हणाला. रविवारी फावडं मारण्यापेक्षा मी हे लिहून काढतोय.

वाशिष्ठीकाठी:
लिहा की, पण फावडंही मारा. आम्ही डिसेंबर २०२१ मधे उपोषणाला बसलो तेव्हा कुठे वाशिष्ठीतल्या गाळाचं गंभीरपणे घेतलं, आणि बसलेल्यातले निम्मे तेच होते ज्यांनी जुलैत चिखल ओढला होता. ज्याचे हात भरले नाहीत त्याचं निवेदन कोण वाचतंय. तुमचा राग पटतो, पण घरी बसणं नाही पटत.

लीजवाला पुणेकर:
एक विचारू का, टोमणे न मारता सांगा. माझ्या भिंतीखालून पाट जातो का हे कळणार कसं? कागदावर तर काही नाही.

लाट बघून:
जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन मागच्या भिंतीशी जा. बाहेरच्या अंगाला पाणी तुंबून गोल फिरत असेल आणि आतल्या अंगाला जमीन पाझरत असेल तर खाली वाट आहे. आणि वरच्या शेतवाल्याला विचारा, कधीपासून त्याच्याकडे पाणी उलटतंय.

लीजवाला पुणेकर:
मी पुण्यात आहे. केअरटेकरला सांगतो.

पाणथळ:
त्याला काय सांगायचंय, त्याचंच शेत होतं ते बहुतेक.