ठाणे स्टेशन : 1853 च्या पुढची गोष्ट

ठाणे स्टेशनात इतिहासाचा फलक लावण्याच्या चर्चेत एका प्रतिसादात म्हटलंय की ठाण्याचा रेल्वे-इतिहास 16 एप्रिल 1853 ला सुरू झाला आणि तिथेच संपला. मला हे अजिबात पटत नाही.

साहिब, सिंध आणि सुलतान या इंजिनांनी ओढलेली 14 डब्यांची पहिली प्रवासी गाडी मुंबईच्या बोरीबंदरहून 34 किलोमीटर धावत आली, हे आपण शाळेपासून ऐकतो. कौतुकाचंच आहे ते, आणि नाना शंकरशेट यांनी रेल्वेसाठी केलेली खटपटही विसरून चालणार नाही. पण ठाणं शेवटचं स्टेशन राहिलं जेमतेम वर्षभर. 1854 च्या मे महिन्यात रूळ कल्याणला पोचले. खरी कसोटी होती ती मधल्या भागात, कारण स्टेशन सोडलं की लगेच खाडी आणि खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर.

खाडीवर पूल बांधला आणि डोंगराला मुंब्र्याकडून वळसा घातला. थेट डोंगरातून जाणारा पारसिकचा सुमारे 1.3 किलोमीटरचा बोगदा 1916 मध्ये सुरू झाला. कळव्याच्या पुढे खिडकीशी बसून बघा : मुंब्र्यामार्गे जाणारी गाडी डोंगराच्या कडेकडेने वळते, एका हाताला काळा कातळ, दुसऱ्या हाताला खाडी. बोगद्यातली गाडी हे काहीच दाखवत नाही.

पुढे 2004 मध्ये वाशीकडची ट्रान्स-हार्बर लोकल लाइन सुरू झाली आणि नवी मुंबईला नोकरीला जाणाऱ्यांचा कुर्ल्याचा फेरा वाचला. स्टेशनात फलक लावायचाच तर त्यावर खाडीचा पूल, बोगदा आणि ही लाइनही यायला हवी.