नॅनोला प्रोग्रॅममधून रीसेट द्यायचाय. शून्य पत्त्यावर उडी मारली तर मध्येच अडकतोय

निपाणी_मोटरवाला
वेदगंगेकाठच्या मोटरीवर आर्डुइनो नॅनो (छोटा कंट्रोलर बोर्ड, चिप एटमेगा ३२८पी, स्वस्तातला क्लोन), सिम८००एल (सिमकार्डवाला मोडेम) आणि डीओएल स्टार्टरच्या (मोटर सरळ लाइनवर सुरू करणारा) हिरव्या बटणाला समांतर एक रिले बसवलाय. दोन-चार दिवसांनी मेसेजला उत्तर येईना होतं. सप्लाय काढून लावला की परत सुरू. म्हणून रोज रात्री प्रोग्रॅममधूनच रीसेट द्यायचं ठरवलं. शून्य पत्त्यावर उडी मारणारं फंक्शन लिहिलं तर कधी चालतं, कधी मध्येच अडकतं. वॉचडॉग (ठरल्या वेळेत प्रोग्रॅमने हाक दिली नाही तर चिप रीसेट करणारा टायमर) लावला तर १३ नंबरचा एलईडी भराभर लुकलुकत राहतो आणि बोर्ड परत येतच नाही. नॅनोची डी४ पिन सरळ रीसेट पिनला जोडू काय?

खानापूर_सोल्डर
डी४ जोडू नका ओ. चिप रीसेट व्हायला लागली की तीच पिन इनपुट होते आणि खाली ओढणारा हातच सुटतो. डेटाशीटप्रमाणे पल्स निदान २.५ मायक्रोसेकंद पाहिजे. तेवढा मिळेलच असं नाही.

शून्यावर उडी म्हणजे रीसेट नव्हेच. टायमर, सीरियल, इंटरप्ट (चालू काम थांबवून मध्ये येणारे इशारे) सगळं आधीच्या स्थितीत चालू राहतं. प्रोग्रॅम नव्याने सुरू होतो पण तो जुन्याच सेटिंगवर, तिथं गोंधळ, म्हणून "कधी चालतं, कधी नाही".

वॉचडॉगचाच रस्ता बरोबर आहे: ईईप्रॉमचं (सप्लाय गेला तरी टिकणारी मेमरी) लिहिणं संपू द्या (एका बाइटला साधारण ३.३ मिलिसेकंद लागतात), इंटरप्ट बंद करा, वॉचडॉग १५ मिलिसेकंदावर लावा आणि रिकाम्या लूपमध्ये थांबा. पण रीसेटनंतरही वॉचडॉग चालूच असतो, तोही सगळ्यात कमी वेळेवर. तुमच्या क्लोनमधला जुना बूटलोडर (चिप सुरू होताना आधी चालणारा छोटा प्रोग्रॅम) तो बंद करत नाही. स्केचपर्यंत (तुमच्या प्रोग्रॅमपर्यंत) पोचायच्या आतच पुढचा रीसेट, म्हणून ते लुकलुकणं. सप्लाय काढेपर्यंत सुटका नाही.

इलाज ऑप्टीबूट, म्हणजे वॉचडॉग बंद करणारा नवा बूटलोडर. दुसरा ऊनो (आर्डुइनोचाच दुसरा बोर्ड, इथं प्रोग्रॅमर म्हणून) 'आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी' करा, त्याच्या रीसेट आणि ग्राउंडमध्ये १० मायक्रोफॅरड लावा. मग ऊनोची १० नंबरची पिन नॅनोच्या रीसेटला, ११, १२, १३ त्याच नंबरांना, शिवाय ५ व्होल्ट आणि ग्राउंड. 'बर्न बूटलोडर' दाबा, झालं.

बूटलोडरशिवाय चिप वापरत असाल तर सुरुवातीलाच आधी एमसीयूएसआर रजिस्टरमधला डब्ल्यूडीआरएफ (वॉचडॉगने रीसेट झाल्याची खूण) पुसा, मगच वॉचडॉग बंद करा. क्रम उलटला तर तो बंदच होत नाही.

चिक्कोडी_पॅनेल
बूटलोडरचं बरोबर, पण मूळ दुखणं तिथं नाही. रीसेट नॅनोला द्यायलाय आणि अडकलेला बहुतेक सिम८००एल आहे. नॅनो रीसेट झाला तरी मोडेमचा सप्लाय तसाच राहतो. वायर काढल्यावर दोन्ही बंद होतात, म्हणून तो उपाय लागू पडतो.

मोडेमची आरएसटी पिन निदान १०५ मिलिसेकंद खाली ओढावी लागते, २०० धरा. नॅनोचे ५ व्होल्ट तिच्यावर सरळ देऊ नका. मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर, बेसला ४.७ किलोओहम, कलेक्टर आरएसटीला, एमिटर ग्राउंडला. दर मिनिटाला मोडेमला 'एटी' ही कमांड पाठवा. तीनदा 'ओके' नाही आलं तर मोडेम रीसेट, तरीही नाही आलं तरच नॅनोचा वॉचडॉग. मग रोज रात्रीच्या रीसेटची गरजच उरत नाही.

सप्लायही बघा की. मोडेमला ३.४ ते ४.४ व्होल्ट लागतात आणि नेटवर्क पकडताना क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढतो. नॅनोच्या ५ व्होल्टवरून डायोड घालून चालवत असाल तर अडकणारच. वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज कमी करणारं मॉड्यूल) ४ व्होल्टवर लावा आणि पिनांजवळच १००० मायक्रोफॅरड, लांब वायरीने नको.

खानापूर_सोल्डर
एक धोक्याची गोष्ट राहिली. रिले मॉड्यूल लो (० व्होल्ट) दिल्यावर लागणारं असेल तर सेटअपमध्ये पिन आउटपुट केली की ती क्षणभर लो होते. तुमचा रिले हिरव्या बटणाला समांतर आहे, म्हणजे रीसेटच्या त्या एका क्षणाने स्टार्टर धरून बसेल आणि मोटर सुरू. त्या वेळी कोणी फूटव्हॉल्व्हशी झटत असलं तर? आधी पिन हाय लिहा, मगच आउटपुट करा. रिलेच्या इनपुटला ५ व्होल्टकडे १० किलोओहमही टाका, रीसेटच्या काळात पिन मोकळी असते. आणि दुरुस्तीला उतरताना मेन स्विच पाडायचाच, प्रोग्रॅमवर भरवसा नको.

निपाणी_मोटरवाला
रिले लो-वालाच आहे. आजच क्रम बदलतो. बूटलोडर जुना की नवा, ओळखायचं कसं?

खानापूर_सोल्डर
आर्डुइनो सॉफ्टवेअरच्या प्रोसेसर मेनूमध्ये 'ओल्ड बूटलोडर' निवडल्यावरच अपलोड होत असेल तर जुना (५७६०० बॉड). ऑप्टीबूट घातल्यावर साधं 'एटमेगा ३२८पी' निवडा, ११५२०० वर चालेल. मेनू बदलायला विसरलात तर अपलोड होणार नाही, बोर्ड बिघडला असं समजू नका.