काळभाताचं बी कुणी जपायचं?

डांगाणातली लेक:
अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना गावठी बियाणं जपल्याबद्दल २०२० साली पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा आमच्या अख्ख्या भागाची मान उंच झाली. पण काळभातासारखा सुवासिक गावठी भात, नागली, वरई पेरणारी घरं किती उरली? माझं मत सरळ आहे. आदिवासी भागात प्रत्येक घराने निदान एक खाचर गावठी वाणाला ठेवलंच पाहिजे. माझी आजी नागलीची टपोरी कणसं आधीच बाजूला काढायची. उन्हं दाखवून, राखेत घोळवून बी गाडग्यात भरायची आणि तोंड शेणामातीने लिंपायची. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही. पायलीभर नेलं की सुगीला दोन पायल्या आणून द्यायच्या, एवढाच करार.

रानवाट:
‘ठेवलंच पाहिजे’ हे कुणी ठरवायचं? माझे वडील अडीच एकरांत भात करतात. काळभात उंच वाढतो, दाणा भरताना वारा-पाऊस आला की लोळतो. इंद्रायणीने पोती वाढली, त्यावर माझं शिक्षण झालं. आणि इंद्रायणी संकरित नाही, सुधारित आहे. तिचंही बी आम्ही घरीच धरतो. शहरात सुवासिक तांदूळ हवा असेल तर तसा दर द्या. वारसा सांभाळायचं ओझं सगळ्यात गरीब शेतकऱ्यावरच का?

कृषी पदवीधर:
मला वाटतं, गाडग्यावर विसंबणंच धोक्याचं आहे. दोन-चार पावसाळ्यांत उगवणशक्ती घसरते. दिल्लीच्या राष्ट्रीय जनुक पेढीत उणे १८ अंशांत बी कितीतरी वर्षं टिकतं.

डांगाणातली लेक:
टिकतं, पण थांबतं. आमच्या खाचरातलं बी उशिरा आलेला पाऊस बघतं, नवी कीड बघतं, आणि त्यातून तगलेल्या लोंब्या आम्ही पुढच्या साली पेरतो. तुमच्याकडे नमुना जरूर ठेवा, पण पेरणं थांबायला नको.
रानवाट, दराचं पटलं. ‘पाहिजे’ हा शब्द मागे घेते. पण २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी साठवायचा, वाटायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क दिलाय. मग आपल्या बचत गटांनी काळभाताचं बी विकून चार पैसे का मिळवू नयेत?

रानवाट:
आधी घेणारा दाखवा. वरईबद्दल माझं भांडण नाहीच, उतारावर दुसरं येतंय काय? काळभाताचं दोन गुंठ्यांपुरतं बी असेल तर सांगा. रोपांच्या वाफ्यावर राब भाजायच्या आधी वडिलांना विचारतो.